एका श्रुतिकेचे गुण

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला 'माध्यमांसाठी लेखन' ही अभ्यासपत्रिका मी गेली काही वर्षे शिकवतो. तीत नभोवाणीसाठी लेखन असा एक घटक आहे आणि त्या घटकावर वीस गुणांचा प्रकल्प असतो. विद्यार्थ्यांनी वीस-पंचवीस मिनिटांची श्रुतिका लिहायची आणि जमल्यास ध्वनिमुद्रित करून आणायची. पूर्वी संहिताच येत असत; आता प्रत्येकाच्या खिशात मुद्रणयंत्र असल्यामुळे श्रुतिकाही येतात. विषय बहुधा ठरलेले असतात. व्यसनमुक्ती, हुंडा, पाण्याचा दुष्काळ. ग्रामीण श्रुतिका असेल तर ती कोंबड्याच्या आरवण्याने सुरू होते, शहरी असेल तर दारावरच्या घंटीने. हे मी तक्रारीच्या सुरात सांगत नाही. ऐकणाऱ्याला आपण कुठे आहोत हे आवाजातूनच कळले पाहिजे, हे मीच त्यांना शिकवलेले असते.

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने जी श्रुतिका आणली, तिच्यात कोंबडाही नव्हता आणि घंटीही नव्हती. सुरुवातीला जुन्या रेडिओची खरखर, काटा फिरवताना मध्येच लागणारी आणि निसटणारी केंद्रे, आणि मग भोंगा. श्रुतिकेचा नायक पंचेचाळिशीचा प्राध्यापक. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांचा बंद पडलेला रेडिओ तो दुरुस्त करू पाहतो आणि काटा फिरवता फिरवता १९८२ सालच्या गिरणगावात जाऊन पोचतो. गिरणीच्या गेटाबाहेर त्याला त्याचे वडील भेटतात. वडील एकतीस वर्षांचे, मुलगा पंचेचाळीसचा. वडील त्याला 'काका' म्हणतात आणि काडेपेटी मागतात. इतके साधे आणि इतके बरोबर दृश्य मी वीस गुणांच्या प्रकल्पात पूर्वी कधी ऐकले नव्हते.

हा प्राध्यापक कोण हे ओळखायला मला वेळ लागला नाही. गिरणी कामगारांचे साहित्य शिकवताना मी दरवर्षी माझ्या वडिलांची गोष्ट सांगत आलो आहे. आबा साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा अडीच लाख कामगारांबरोबर तेही बाहेर पडले आणि शेवटपर्यंत बाहेर राहिले. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. ही गोष्ट मी वर्गात सांगितली आहे, एका चर्चासत्रात सांगितली आहे, महाविद्यालयाच्या नियतकालिकात लिहिली आहे. नारायण सुर्वे शिकवताना किंवा जयंत पवारांच्या 'अधांतर'वर बोलताना ती हाताशी असली की वर्ग शांत होतो, हे मला अनुभवाने ठाऊक झाले होते. विद्यार्थ्याने तीच उचलली होती.

मात्र तिसऱ्या प्रवेशात त्याने एक फेरफार केला होता. पहाटेची वेळ. जाळीच्या गाडीचे इंजिन. गेट उघडल्याचा आवाज. काम सुरू करायला आत जाणाऱ्यांची रांग, आणि त्या रांगेत प्राध्यापकाला वडिलांचा आवाज ऐकू येतो. मग वडिलांचे तीन मिनिटांचे स्वगत. खोलीचे भाडे, गहाण पडलेले मंगळसूत्र, तापाने फणफणलेला मुलगा. शेवटी मुलगा म्हणतो, मला समजले आबा. पुन्हा खरखर.

मी त्याला वीसपैकी अकरा गुण दिले. शेरा लिहिला : 'पात्राचे परिवर्तन अप्रस्तुत व ऐतिहासिकदृष्ट्या निराधार.'

तो मुलगा इचलकरंजीचा, फार न बोलणारा. गुणांबद्दल त्याने वाद घातला नाही. शेऱ्याबद्दल मात्र विचारले. 'सर, तुम्हीच सांगितलं होतं की तुम्ही पहिलीत असताना ते तुम्हाला कधीकधी गेटापर्यंत नेत असत. म्हणजे शहाऐंशीच्या सुमारास ते कामावर होते. शेवटपर्यंत बाहेर राहिलेल्यांपैकी लाखाहून जास्त लोकांना परत घेतलंच नाही, असं मी वाचलं. मग हे आत कसे? म्हणून मी रांग घातली. नाट्यही मिळालं.'

मी म्हणालो, सगळ्यांनाच नाकारले नव्हते. काहींना घेतलेही होते. ते खरेच होते. तो 'हो सर' म्हणून गेला. त्याच्या वजाबाकीत चूक काढता येत नव्हती. ती मी स्वतः चाळीस वर्षांत कधी केली नव्हती, एवढेच.

आता थोडे या साहित्यप्रकाराविषयी. कारण त्या दिवसांत स्वतःच्या अस्वस्थतेला मी वाङ्मयीन नावे देत होतो. एच. जी. वेल्सचे 'द टाइम मशीन' १८९५चे. त्यातला प्रवासी भविष्यात जातो. त्याला मानवजातीचे काय होणार हे पाहायचे आहे. पुढे कालप्रवासाचे यंत्र हळूहळू कुटुंबाच्या मालकीचे झाले. १९८५च्या 'बॅक टू द फ्यूचर'मध्ये मुलगा तीस वर्षे मागे जाऊन भित्र्या बापाला धीट करतो आणि परत येतो तो सुधारलेल्या बापाच्या घरी. २००० सालच्या 'फ्रिक्वेन्सी'मध्ये तर यंत्रसुद्धा नाही. हौशी रेडिओच्या संचावर १९९९मधला मुलगा १९६९मधल्या अग्निशामक बापाशी बोलतो आणि त्याचा मृत्यू टाळतो. माझ्या विद्यार्थ्याने हा चित्रपट पाहिला होता. रेडिओची कल्पना तिथली. दोन्ही चित्रपट मला आवडतात. पण त्यांत मुलाला बाप समजतो असे म्हणता येईल का, याची मला शंका आहे. तो बाप दुरुस्त करतो. दुरुस्त झालेला बाप समजून घ्यावा लागत नाही.

आपल्याकडे याहून कठोर अशी एक कथा आहे आणि तिला यंत्राची गरज पडलेली नाही. ययाती पुरूकडे त्याचे तारुण्य मागतो आणि पुरू बापाची जरा घेतो. मुलाने बापाच्या वयात प्रत्यक्ष राहून पाहण्याचा हा प्रयोग आहे. महाभारतात तो हजार वर्षे चालतो. पण त्या हजार वर्षांत पुरूला काय कळले, याविषयी व्यासांना फारसे कुतूहल नाही. सगळे लक्ष ययातीच्या अतृप्तीवर. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ची आणि गिरीश कार्नाडांचे 'ययाति' नाटक १९६१चे. जवळजवळ एकाच वेळी दोन भाषांतल्या दोन लेखकांना या कथेकडे वळावेसे वाटले, हा योगायोग मी वर्गात नेहमी सांगतो. माझा विद्यार्थी पुरूच्या बाजूने लिहीत होता हे मला तेव्हा सुचले नाही. सुचले असते तर निदान चौदा गुण दिले असते.

त्या काळात मी जॉन मॉर्टिमर यांचे 'अ व्हॉयेज राउंड माय फादर' पुन्हा काढून वाचले. हे नाटक रंगभूमीचे म्हणून प्रसिद्ध आहे. १९७१मध्ये लंडनला अ‍ॅलेक गिनेस यांनी त्यातला बाप रंगवला आणि १९८२ साली, म्हणजे आमच्याकडे संप चालू होता त्याच वर्षी, दूरचित्रवाणीवर लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी. पण ते मुळात श्रुतिका होते; बीबीसीने ते १९६३मध्ये ध्वनिक्षेपित केले. लेखकाचे वडील घटस्फोटांचे खटले चालवणारे नामांकित बॅरिस्टर आणि मध्यमवयात संपूर्ण आंधळे झालेले. घरात या आंधळेपणाचा उच्चार कोणी करायचा नाही, असा अलिखित नियम. आई आगगाडीच्या डब्यात खटल्यांची कागदपत्रे मोठ्याने वाचून दाखवते, इतर प्रवासी चोरून ऐकतात. वडील बागेतल्या फुलांची वर्णने दुसऱ्यांकडून ऐकतात आणि बाग आपलीच असल्यासारखे वागतात. सगळ्यांना सगळे ठाऊक आहे आणि कोणी काही बोलत नाही. रंगमंचावर प्रेक्षक डोळस असतो आणि आंधळा बाप त्याला समोर दिसतो. श्रुतिकेत श्रोताही त्या बापाइतकाच आंधळा. म्हणून मला तिची मूळ जागा रेडिओच वाटते.

हे वाचताना आमच्या घरातला असा न उच्चारलेला शब्द मला पहिल्यांदा ऐकू आला. आबा बहिरे होते. पूर्ण नव्हेत, पण बरेच. साचेखात्यात उमेद घालवलेल्या माणसाच्या कानांचे जे होते ते त्यांचे झाले होते. खात्यात एकमेकांशी ओठांच्या हालचालींवरून आणि हातवाऱ्यांनी बोलत असत, ती सवय घरीही होती. आई काही सांगायची तेव्हा ते तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत. आम्ही त्याला धाक समजत होतो. संध्याकाळी आकाशवाणीवर 'कामगार सभा' लागली की ते रेडिओच्या जाळीला कान चिकटवून बसत आणि आवाज इतका वाढवत की शेजारच्या खोलीत वेगळा रेडिओ लावायची गरज नसे. चाळीत याचा विनोद होई. घरात मात्र 'बहिरे' हा शब्द नव्हता. 'ते ऐकत नाहीत' असे आम्ही म्हणत असू, आणि मोठा झाल्यावर मी हेच वाक्य त्यांच्या स्वभावाविषयी म्हणू लागलो. मी मराठीत एम. ए. करणार म्हणून सांगितले तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. मी रागाने खोलीबाहेर गेलो. आज वाटते, मी त्यांच्याकडे पाठ करून बोललो होतो.

याच घरात आणखी एक न बोलण्याची गोष्ट होती. तात्या, म्हणजे माझे चुलते, त्याच गिरणीत होते. संपानंतर ते सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी परतले ते कायमचे. आमच्याकडे ते येत नसत, आम्ही त्यांच्याकडे जात नसू. भावकीतल्या बांधाचे भांडण आहे असे मला सांगितले होते आणि आपल्याकडे या उत्तरापुढे प्रश्न संपतात. आई २००९ साली गेली, आबा २०१४ साली. आबांच्या दहाव्याला तात्या आले होते, नदीवर लांब उभे राहिले आणि न जेवता गेले.

मे महिन्यात मी गावी गेलो. तात्या ओसरीवर बसले होते. त्यांचेही कान गेलेले. मी समोर, उजेडाकडे तोंड करून बसलो. इतके मी तोवर शिकलो होतो.

'आबा संपात आत गेले होते का?' मी विचारले.

त्यांनी थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहिले. 'येवढ्या वर्षांनी इचारतूस व्हय,' ते म्हणाले. 'गेला व्हता. आषाढी झाली आन् पंदरा दिसांत गेला. तांबडं फुटायच्या आत पोलिसांची गाडी यायची, जाळीची. लई दीस भाईर आला न्हाय. तितंच जेवान, तितंच झोप.'

मग ते स्वतःच बोलत राहिले. मी लिहून घेतले नाही. मौखिक इतिहासाच्या पद्धतींवर व्याख्याने दिलेली असूनही वही काढायचा धीर झाला नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचे गिरणगावच्या मौखिक इतिहासाचे पुस्तक २००४ साली आले तेव्हा मी त्यावर उत्साहाने बोललो होतो. स्वतःच्या चुलत्याकडे जायला मला त्यानंतरही दोन दशके लागली.

'म्या त्येला बांगड्या धाडल्या,' तात्या म्हणाले. 'थोरल्या भावाला. डझनभर, हिरव्या. कागदात बांदून दारात ठिवल्या. दुसऱ्या दिशी नळावं वैनी आली. हातात त्याच बांगड्या. समद्यांच्या देखत मला म्हनली, भावजी, माप बराबर आनलंत.'

ते हसले नाहीत. मला आईचे हात आठवले. तिच्या हातात हिरव्या बांगड्या मी जन्मभर पाहिल्या, त्यांतल्या त्या कोणत्या हे कळायला मार्ग नाही. काचेच्या बांगड्या इतकी वर्षे टिकत नाहीत. तरी परत आल्यावर मी तिची पेटी उघडून पाहिली.

जो प्रश्न विचारायला मी तिथवर गेलो होतो तो शेवटी विचारला. 'माझ्यासाठी गेले असतील का? मी लहान होतो. आजारी असेन.'

'समद्यांच्याच घरात पोरं व्हती,' तात्या म्हणाले.

माझ्या विद्यार्थ्याच्या श्रुतिकेतले तीन मिनिटांचे स्वगत या एका वाक्यात संपले. त्यातले तापाने फणफणलेले मूल मला फार आवडले होते, हे मला तेव्हा कळले. अकरा गुण देतानाही ते मी मनाशी जपून ठेवले होते. रांग निराधार आणि ताप मात्र साधार, अशी माझी समीक्षा होती.

बऱ्याच वेळाने तात्यांनी आपणहून सांगितले. 'त्येला साच्याबिगर करमत नव्हतं. खोलीत बसायचा दीसभर आन् बोटं हालवायचा. तुटल्याला धागा जोडत असल्यागत. म्या बगितलंय. वैनीबी बगायची. म्हनून गेला आसंल. का आनि कशानं गेला आसंल. म्या इचारलं न्हाय, त्यानं सांगितलं न्हाय.'

मी त्या रात्री गावीच राहिलो. तात्यांनी जेवायला वाढायला लावले आणि माझ्याबरोबर जेवले.

बेकेटची 'एम्बर्स' ही श्रुतिका बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅमवर १९५९ साली झाली. समुद्रकिनाऱ्यावर बसलेला हेन्री बुडून गेलेल्या बापाशी बोलतो. बापाचे प्रेत कधी सापडलेले नाही. हेन्रीला आवाज बोलावता येतात. टापा म्हटले की टापा वाजतात, बायकोला बोलावले की ती बोलू लागते, लाटांचा आवाज तर थांबतच नाही. फक्त बाप बोलत नाही. हेन्रीने त्याची केलेली नक्कल तेवढी ऐकू येते. रेडिओमध्ये मेलेल्याला बोलायला लावणे ही सर्वांत सोपी गोष्ट आहे. एक नट आणि एक ध्वनिक्षेपक पुरतो. बेकेटने ते केले नाही. मी ही श्रुतिका अनेकदा शिकवली आहे आणि बापाचे मौन म्हणजे अस्तित्ववादी शून्यता वगैरे सांगितले आहे. ते चूक आहे असे नाही. पण हेन्रीला उत्तर नको असावे, ही शक्यता मी कधी वर्गात मांडली नव्हती.

जून महिन्यात विद्यार्थी दाखला घ्यायला आला. मी त्याला सांगितले, 'तुझी रांग बरोबर होती.' काय झाले ते थोडक्यात सांगितले. अंतर्गत गुण विद्यापीठाकडे गेलेले होते, त्यात बदल करता आला नाही. करता आला असता तर केला असता की नाही हे मला खात्रीने सांगता येत नाही, कारण त्यासाठी विभागात कारण लिहून द्यावे लागले असते. तो जरा घाबरला. आपण एखाद्याच्या घरात न विचारता शिरलो असे त्याला वाटले असावे. मी म्हणालो, 'श्रुतिका चांगली आहे. ते स्वगत काढून टाक. त्यांना काही सांगू देऊ नकोस.'

'मग तिथं काय ठेवू सर? तीन मिनिटं आहेत.'

ते मला सांगता आले नाही.

दिवाळीच्या आधी त्याने नवी प्रत पाठवली. आता प्राध्यापक रांगेतल्या वडिलांना हाक मारतो, वडील वळत नाहीत, त्यांना ऐकू गेले की नाही ते कळत नाही, गेट बंद होते. त्यानंतर तीन मिनिटे फक्त मागांचा आवाज. तो त्याने आपल्या मामाच्या कारखान्यात, इचलकरंजीला, रात्री जाऊन मुद्रित केला होता. प्राध्यापकाचे 'मला समजले' हे वाक्य गेले होते. सलग तीन मिनिटे यंत्राचा आवाज ही श्रुतिकेच्या तंत्रात चूकच मानली जाईल. श्रोता केंद्र बदलील. मी ती तीन मिनिटे दोनदा ऐकली.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा मोबाईल तात्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला चिकटवला, आबा रेडिओला चिकटवत तसाच, आणि डोळे मिटले. पूर्ण ऐकले. मग मोबाईल परत दिला.

'ह्ये आमच्या खात्याचं न्हवं,' ते म्हणाले. 'ह्ये धा-बारा माग असतील. आमच्याकडं शेकड्यांनी साचं व्हतं. ह्यात मदीच कोनतरी खोकल्यालं ऐकू येतंय बग. खात्यात कुनाचा खोकला ऐकू यायचा न्हाय.'